सतरा फासळ्यांची हकीकत

श्री. जो सकळ जीवांचे कणे ताठ राखितो त्यास प्रथम नमन. दुसरे नमन ऐकणारास. परंतु ऐकणारा कोण, कोठून आला आणि कोणाचा माणूस, हे ठाऊक नाही, म्हणोन ते जरा लांबून.

शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरे, श्रावणापासून दसऱ्यापर्यंत अमुक एका राज्यात घोड्यांच्या हाडांवरून जे वर्तमान जाहले ते साद्यंत लिहावे ऐसी आज्ञा जाहली, आणि आज्ञा कोणी केली हे लिहू नये ऐसीही आज्ञा जाहली. म्हणोन राज्याचे नाव लिहीत नाही, राजाचे लिहीत नाही, आणि लिहिणाराचे तर मुळीच लिहीत नाही. जे पाहिले ते लिहिले आहे, जे ऐकिले तेही लिहिले आहे, आणि पाहिल्यापेक्षा ऐकिलेले अधिक आहे, हे आधीच सांगून ठेवितो, मागून कोणी बोल लावू नये.

ते राज्य डोंगरी मुलखातले, एक गड, गडाखाली पेठ, पेठेपलीकडे पागा, आणि राजे स्वभावाने वाईट नव्हते, दान करीत, देवास जात, रयतेवर ओरडत नसत, परंतु शंका फार. जेवावयास बसले म्हणजे पहिला घास मांजरास घालीत, दुसरा आचाऱ्यास, आणि मग मांजर व आचारी एकमेकांस सामील तर नाहीत ना म्हणोन तिसरा घास पंक्तीतल्या कोणाही माणसास, आणि तिघेही धड आहेत ऐसे पाहून मग आपण जेवीत, तो भात निवून जाई. उभ्या जन्मात महाराजांनी ऊन भात खाल्ला नाही. गडाच्या दरवाज्यावर तर ऐसा हुकूम होता की महाराज घोड्यावर स्वार असतील आणि हाती राजछडी असेल तरच आत घ्यावे, नाहीतर खुद्द महाराज आले तरी घेऊ नये, कारण खुद्द महाराज म्हणोन कोणीही येईल. हा हुकूम पाळतात की नाही हे पाहावयास महाराजांनी मागल्या साली एक बहुरूपी आपली वस्त्रे घालून पायी पाठविला, आणि पहारेकऱ्याने त्यास मुजरा करून आत घेतले, तेव्हा त्या पहारेकऱ्याची नोकरी गेली, आणि बहुरूप्यासही गडावरून घालविले, कारण त्याने नक्कल फारच चांगली केली होती.

या राज्यात शंकानवीस म्हणोन एक हुद्दा होता, तो दुसऱ्या कोठल्या राज्यात असल्याचे आम्ही ऐकिले नाही. तिमाजीपंत नावाचे गृहस्थ त्या हुद्द्यावर होते, अंगाने बारीक, डोळे अर्धे मिटलेले, बोलणे मऊ. रोज सकाळी महाराजांपुढे जाऊन आजच्या शंका सांगाव्या, हे त्यांचे काम. एखादे दिवशी शंका नसली तर पंत म्हणत, "महाराज, आज कोठेच काही नाही, हेच मला बरे दिसत नाही." आणि महाराज मान डोलवीत.

आता घोड्याची गोष्ट. या राजाचा मूळपुरुष साधा शिलेदार होता, त्यास गलबतातून आलेला एक अरबी घोडा मिळाला, त्याचे नाव मेघवर्ण, आणि त्या घोड्याच्या पाठीवर त्याने राज्य मिळविले. घोडा मेला तेव्हा मूळपुरुष लहान मुलासारखा रडला ऐसे सांगतात. पागेपुढे त्यास पुरिला, वर चौथरा बांधिला, आणि रिवाज पाडिला की या गादीवर जो बसेल त्याने दसऱ्यास मेघवर्णाच्या वंशातल्या घोड्यावरच स्वार होऊन शिलंगणास जावे. दुसरा रिवाज राजछडीचा. ही छडी हातभर लांब, विळ्यासारखी किंचित वाकलेली, मूळपुरुषापासून चालत आलेली. नवा राजा गादीवर आला म्हणजे तिच्यावर नव्या मखमलीचा एक थर चढवावा, जुना काढू नये, आत काय आहे ते उकलून पाहू नये. वाकडी का, तर भाट सांगत की राज्यभार वाहून वाकली. त्या राज्यात कोणी शंका घेतली नाही ऐसी वस्तू एकच, ती ही छडी.

पागेचे मुख्य निंबाजी पागे, तीन पिढ्यांचे मानकरी, उंच, आवाज मोठा, माणसांशी जरा उद्धट आणि जनावरांशी गोड. मेघवर्णाच्या वंशात त्या साली सर्वांत चांगली घोडी म्हणजे शेवंती, पांढुरकी, मोठ्या डोळ्यांची. महाराज बारा वर्षांचे असताना ती जन्मली आणि महाराजांनी तिला आपल्या हाताने गूळ घालून वाढविली. साऱ्या राज्यात महाराजांनी निर्धास्त पाठ फिरवून उभे राहावे ऐसा जीव एकच, तो शेवंती. श्रावणात ती गाभण होती, आणि पोटातले शिंगरू पुढे युवराजांच्या बैठकीस द्यावयाचे ठरले होते.

तो हाशिम नावाचा सौदागर घोडे घेऊन आला. महाराजांनी त्यास पागा दाखविली, आणि तो दाढीवरून हात फिरवीत बोलू लागला, "हुजूर, घोडा वरून कातडीनं ओळखतात ते कच्चे. घोडा आतल्या हाडानं ओळखायचा. आता हे तुमचं भीमथडी तट्टू बघा, नडगी आखूड नि जाड, म्हणून डोंगर चढतंय. काठेवाडी घ्या, पाय लांब, अंगानं सडसडीत. आणि अरबी म्हणाल तर कपाळ रुंद, नाकाड मधे खोलगट, पाठ आखूड, कारण कमरेत एक मणका कमी. शेपूट बघा कशी वर उचलतो. आणि फासळ्या एका अंगाला बहुतेक सतरा. बाकी घोड्यांना अठरा." मग त्याने शेवंतीच्या कपाळावर हात ठेविला, वाहवा केली, दोन काठेवाडी घोडे विकिले, आणि पान खाऊन पेठेत बिऱ्हाडी गेला. त्याच्या मनात काही काळेबेरे होते ऐसे आम्हांस वाटत नाही, परंतु खात्री देत नाही.

दुसरे दिवशी पंतांनी शंका सांगितली. म्हणाले, "महाराज, अरबी घोड्यास फासळ्या सतरा. शेवंतीस किती?" सौदागर बहुतेक सतरा बोलिला होता, परंतु बहुतेक हा शब्द पंतांच्या दफ्तरी चालत नसे, तो त्यांनी सोडून दिला. महाराज हसले, परंतु हसता हसता थांबले. मग दोघे पागेत गेले आणि शेवंतीच्या अंगावरून बोटे फिरवू लागले, तो घोडी गुबगुबीत, चंदीचे दाणे खाऊन तुकतुकीत, फासळी हातास लागेना, आणि पुढल्या फासळ्या तर खांद्याखाली झाकलेल्या. निंबाजी म्हणाले, "खांद्याखालच्या विश्वासानं धराव्या लागतात, महाराज." पंत म्हणाले, "विश्वासाने धरणे आमच्याकडे नाही." तेव्हा घोडे राखणाऱ्या मोतद्दारांकडून तिचा पुढला पाय ओढून धरविला आणि मोजिले, कोणी सतरा म्हणाला, कोणी अठरा, एकाने वीस सांगितल्या, तो भीत होता. मग पंतांनी सुचविले की आधी खुद्द मेघवर्णाच्या किती आहेत ते पाहावे, मग वंशाचे पाहता येईल.

भाद्रपदाच्या आरंभी चौथरा फोडिला. मेघवर्ण उजव्या कुशीवर निजविलेला होता, डाव्या अंगाच्या फासळ्या वर, पिवळ्या पडलेल्या, जागच्या जागी. सारी मंडळी काठावर उभी, आणि महाराज स्वतः खड्ड्यात उतरले, कारण दुसऱ्याच्या मोजण्यावर भरवसा नाही, आणि राजछडीने एकेक फासळीस टेकवीत मोठ्याने मोजू लागले, एक, दोन, तीन, आणि शेवटी आवाज थांबला तो सतरावर. पुन्हा मोजिल्या, पुन्हा सतरा. निंबाजी काठावरून म्हणाले, "महाराज, आठवी नि नववी यांच्यामधी जागा लई मोकळी दिसती. खालच्या अंगाच्याबी मोजून बघाव्या." तेव्हा पंत मऊ आवाजात म्हणाले, "माती खचली म्हणजे हाडे सरकतात. निंबाजीराव, तेथे एक फासळी तुम्हांस हवी आहे म्हणोन जागा दिसते. आणि खालची बाजू उकरावी तर मेघवर्ण हलेल. मूळपुरुषाचा घोडा हलविण्याचा रिवाज नाही." महाराज वर आले, छडीवरची माती शेल्याने पुसली आणि म्हणाले, "आम्ही आमच्या हाताने मोजल्या. सतरा."

आता गोष्ट उघड जाहली. मेघवर्ण सतराचा, आणि त्याच्या वंशाची जनावरे अठराची निघाली तर वंश बदलला, आणि वंश बदलला तर तो पागेतच बदलला, आणि पागा तीन पिढ्या निंबाजीच्या घरात. पंतांनी हे सर्व ऐसे सांगितले की जणू त्यांस फार दुःख होते. "निंबाजीरावांच्या आजोबांनी अस्सल जनावरे बाहेर विकिली आणि त्या जागी देशी तट्टे बांधिली, ऐसे मी म्हणत नाही. मला शंका आहे." आणि आणखी एक बोलिले, तेव्हा महाराजांचा चेहरा उतरला. ते ऐसे की, "खोट्या घोड्यावर बसून जे शिलंगण केले ते शिलंगण नव्हे, आणि ज्याचे शिलंगण नाही तो..." आणि पुढे बोलिले नाहीत.

महाराज निंबाजीस म्हणाले, "मेघवर्णाच्या कवटीवर हात ठेवून शपथ घ्या की तुमच्या आजोबांनी हे केले नाही." निंबाजी पुढे गेले, हात उचलिला, आणि हात अधांतरी राहिला. आजोबा ताडी पीत, ताडी पिऊन रात्री बाहेर राहात, आणि एकदा पागेची एक घोडी चार दिवस नाहीशी होऊन परत आली होती, हे लहानपणी ऐकिलेले त्या वेळीच त्यांस आठविले. साऱ्या सभेने तो थांबलेला हात पाहिला. मग हुकूम सुटला की मेघवर्णाच्या वंशातली सारी जनावरे मोजावी, आणि फासळ्या स्पष्ट दिसाव्या म्हणोन मोजणी पुरी होईतो त्यांची चंदी बंद, वैरण चौथाई, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी निकाल. एकही जनावर सतराचे निघाले नाही तर निंबाजीचा कडेलोट. निंबाजी खाली बसले आणि पदर पसरावा तसा शेला पसरून म्हणाले, "माझं काय करायचं ते करा. पर शेवंती गाभण हाय, महाराज. तिची चंदी तोडू नका. पोटातलं जाईल." महाराजांनी तिकडे पाहिले नाही. म्हणाले, "आधी मोजू. मग खाऊ घालू." हे वाक्य आम्ही स्वतः ऐकिले, आणि ऐकून घरी जाऊन जेवलो, हेही खरे आहे.

निंबाजी घरी आले तेव्हा बायको राहीबाई अंगणात हरभरे निवडीत होती. तिने विचारिले, "शपथ का नाही घेतली?"

"आजोबांचं कोणी सांगावं? पीत होते."

"पीत होते, म्हणून चोर?" ती म्हणाली. "अवो, अरबी घोडे विकले असते तर ह्या घरावर कौलं नसती आली? तीन पिढ्या गवतानं शाकारतोय आपण. चोरी केली नि पैसा कुठं ठेवला, गवतात?"

निंबाजींनी वर छपराकडे पाहिले, आणि त्या साली प्रथमच त्यांस आपल्या गळक्या छपराचा आधार वाटला. मग राहीबाईने भिजविलेले हरभरे ओटीत घेतले आणि भर दुपारी पागेकडे निघाली. दारात पहारा, आणि पहाऱ्यापाशी पंत स्वतः.

"बाई, ओटीत काय?"

"हरभरे."

"कशानिमित्त?"

"शेवंती पोटुशी हाय. तिची ओटी भरायला चालले."

पंत म्हणाले, "घोडीची ओटी भरण्याचा रिवाज नाही."

"मग तिला उपाशी ठेवायचा तरी कुठं होता?"

पंतांनी हरभरे जप्त केले. राहीबाई रिकामी ओटी झाडून परत आली आणि वाटेत जो भेटेल त्यास पंतांविषयी जे बोलली ते येथे लिहिण्याजोगे नाही.

मग मोजणी चालली. पंत आणि त्यांचे कारकून रोज पागेत जात, घोड्यांच्या कुशीत बोटे घालीत, कमरेचे मणके चाचपीत, शेपट्या ओढीत, आणि हळूहळू फासळ्या वर येऊ लागल्या तसे मोजणे सोपे जाहले. महाराज स्वतः रोज मोजीत. भाद्रपद संपता संपता त्यांचा हात ऐसा बसला की डोळे मिटून बोट ठेविले तरी ही कितवी, पुढली की मागली, तिचा बाक किती, हे सांगत. एकामागून एक सारी अठराची निघाली. आणि ज्या पागेने पूर्वी तीन परचक्रे परतविली, तिथली जनावरे भिंतीस टेकून उभी राहू लागली. दरबारातही हाडांचे वेड शिरले. मानकरी एकमेकांच्या कपाळाकडे आणि नडगीकडे पाहू लागले, आणि दोन सरदारांनी आपल्या जावयांच्या पाठी चाचपून पाहिल्या ऐसी वार्ता आहे. एकाने तर मुलीस माहेरीच ठेवून घेतले. आम्हीही त्या दिवसांत आंघोळीचे वेळी आपल्या फासळ्या मोजून पाहात होतो, आणि दर वेळी वेगळा आकडा येई.

दसरा जवळ आला तसे सर्वांत शेवटची म्हणोन शेवंती राहिली, कारण तिच्या पोटामुळे मोजणे कठीण. आश्विनातल्या एका सकाळी महाराज तिच्यापाशी आले. बरोबर निंबाजी, दोन पहारेकऱ्यांमध्ये, आणि मागे पंत. घोडीच्या फासळ्या दुरून दिसत होत्या, पोट मात्र खाली ओढलेले, आणि डोळे होते त्याहून मोठे वाटत होते. महाराजांनी तिच्या कुशीवर बोटे फिरविली, आणि मोजण्याची गरजच नव्हती, नुसते पाहूनही अठरा. तो घोडीने वास ओळखिला, मान वळविली आणि त्यांच्या हातास नाक लाविले, कारण त्या हातात नेहमी गूळ असे. हात रिकामा होता. तिने दुसरा हात हुंगिला. त्या हातात राजछडी होती, आणि छडीवरच्या मखमलीत कितीएक वर्षांचा घामाचा खारटपणा आणि गुळाचा चिकटा मुरलेला, तेव्हा उपाशी जनावराने छडीच तोंडात धरिली आणि चावू लागली.

महाराजांनी ओढिली, घोडीने सोडिली नाही. पंत ओरडले, "अरे, छडी! छडी!" मोतद्दार धावले. तो टरकन् मखमल फाटली, तांबडी गेली, खाली हिरवी, हिरवीखाली जांभळी, जांभळीखाली ओळखू न येणारा एक रंग, घोडी एकेक थर ओढून चघळीत गेली, आणि शेवटी महाराजांच्या हाती जे राहिले ते पिवळट, चपटे, वाकलेले, आणि एका टोकास वाटोळे डोके.

महिनाभर ज्याने दुसरे काही पाहिले नाही त्यास ते काय हे सांगावे लागले नाही. महाराजांनी ते हाताच्या पंजावर आडवे धरिले, बोटाने त्याचा बाक पाहिला, आणि अगदी हळू म्हणाले, "डाव्या अंगाची. मधली." मग निंबाजीस म्हणाले, "चला."

पंतांनी विचारिले, "कोठे, महाराज?"

महाराज पागेतून चालतच चौथऱ्याकडे गेले, खड्ड्यावरच्या फळ्या पायाने सारिल्या आणि आत उतरले. आठवी आणि नववी यांच्यामध्ये ती मोकळी जागा होती तेथे गुडघे टेकून बसले आणि हातातले हाड त्या जागी ठेविले, तो वाटोळे डोके कण्याच्या मणक्यांत जाऊन बसले, आणि खालचे टोक शेजारच्या फासळ्यांच्या ओळीस येऊन मिळाले. मग त्यांनी मेघवर्णास न हलविता खालच्या बाजूने मातीत कोपरापर्यंत हात घातला, आणि नुसत्या बोटांनी खालच्या अंगाच्या फासळ्या मोजिल्या. अठरा. मूळपुरुषाने आपल्या घोड्यास पुरताना एक फासळी आपल्या हातात राहू दिली होती, आणि पुढल्यांनी ती इतक्या आदराने गुंडाळली की ती काय आहे हे सारे विसरले.

महाराज खड्ड्यातच बसून राहिले. वर आभाळाकडे पाहून म्हणाले, "अठराव्या फासळीने आम्ही सतरा मोजल्या."

हे ऐकून निंबाजी आज्ञेची वाट पाहात उभे राहिले नाहीत. पहारेकऱ्यांस ढकलून पागेकडे धावले, आणि धावता धावता ओरडत होते, "चंदी सोडा! कण्या शिजवा! एकदम घालू नका रे, पातळ करून घाला!" राहीबाई घरून हरभऱ्याची टोपली डोक्यावर घेऊन आली, आणि या वेळेस तिला कोणी अडविले नाही. साऱ्या पेठेतून लोक कोंडा, गूळ, पीठ घेऊन आले. शेवंती थोडी पेज प्याली आणि बसली. दुसरे दिवशी सकाळी तिने शिंगरू टाकिले. ते दिवस भरण्याआधी आले आणि मेलेलेच आले.

महाराज आले तेव्हा निंबाजी ते मांडीवर घेऊन बसले होते आणि सर्वांदेखत रडत होते, महाराजांस पाहून उठलेही नाहीत. महाराज त्यांच्यासमोर मातीतच बसले, आणि त्या ओल्या अंगावर बोट ठेवून, सवयीने असेल किंवा दुसरे काय करावे हे न सुचून असेल, मोजू लागले. एका अंगास सतरा. दुसऱ्या अंगास सतरा. आई अठराची, बाप अठराचा, आणि हे सतराचे. साऱ्या महिन्याची मोजणी ज्या एका जनावरासाठी केली ते हे.

तेव्हा तिमाजीपंत खाकरले आणि मऊ आवाजात म्हणाले, "महाराज, परंतु हे शिंगरू शेवंतीचेच कशावरून?"

महाराजांनी मान वर केली. "पंत, काल जेवलात?"

"जेवलो, महाराज."

"पोटभर?"

"महाराजांच्या कृपेने."

"म्हणोन सुचते," महाराज म्हणाले. "उद्यापासून शंका सांगावयास येऊ नका." आणि पंत मुजरा करून मागे सरले. जाताना त्यांच्या तोंडावर ऐसा भाव होता की ही आज्ञा खरीच महाराजांची आहे की काय.

हाशिम सौदागरास पेठेतून बोलाविले. तो म्हणाला, "हुजूर, मी बहुतेक म्हणालो होतो. एकाच आईच्या पोटी सतराचं येतं, अठराचंही येतं. विकताना आम्ही सतरा सांगतो, कारण गिऱ्हाईक मोजत बसत नाही. तुमच्यासारखं मोजणारं गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात भेटलं नाही." त्यास काही शिक्षा जाहली नाही. फासळी मेघवर्णाच्या अंगातच राहू दिली, शिंगरू त्याच्या कुशीपाशी ठेविले, आणि चौथरा पुन्हा बांधिला. दसऱ्यापर्यंत महाराज गडावर गेले नाहीत, पागेतच राहिले.

दसरा आला. मेघवर्णाच्या वंशात खोगीर पेलेल ऐसे एकही जनावर नव्हते, आणि दुसऱ्या घोड्यावर बसावयाचा रिवाज नाही, म्हणोन महाराज पायीच शिलंगणास गेले. हाती छडी नाही, खाली घोडा नाही, वाटेत लोक पाहात आणि मुजरा करावा की न करावा या विचारात राहात. महाराजांनी मानकऱ्यांस पुढे जाऊ दिले आणि आपण मागे, एकटे, सावकाश परत आले. गडाचा दरवाजा त्यांच्या हुकुमाप्रमाणे बंद. वर धाकोजी नाईक पहाऱ्यावर होता.

"कोण हाय?"

"आम्ही. दार उघड."

नाईकाने वाकून पाहिले. तोंड ओळखीचे, वस्त्रे ओळखीची, परंतु घोडा नाही आणि छडी नाही, आणि त्यास मागल्या सालचा पहारेकरी आठविला. म्हणाला, "म्हाराज असाल तर राग मानू नका, नसाल तर पळून जा. हुकूम असा हाय की घोडा नि छडी बघितल्याबिगर खुद्द म्हाराजांनाबी घेऊ नये."

"तो हुकूम आमचाच आहे."

"त्योबी तसंच म्हणाला हुता. बहुरूपी."

महाराज दारापुढल्या दगडावर बसले. आपटा लुटून परतणारे लोक गोळा जाहले, आणि जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला, परंतु हेच महाराज म्हणोन पुढे येऊन सांगावयास कोणी धजेना, कारण या राज्यात खात्रीने बोलणारा नेहमी पकडला जात असे. आम्हीही त्या गर्दीत होतो. आम्हीही बोलिलो नाही. शेवटी नाईक वरून म्हणाला, "पागेतल्या निंबाजीरावांना बोलवा. ते सांगतील तर उघडतो. त्यांनी आजवर म्हाराजांची थुंकी झेलली नाही."

निंबाजी आले. अंगावर पागेचाच मळका कुडता, हातास पेज लागलेली. नाईकाने विचारिले, "निंबाजीराव, हे आपले धनी होत का?"

निंबाजींनी महाराजांकडे पाहिले, महाराजांनी निंबाजींकडे पाहिले. निंबाजी म्हणाले, "अस्सल का नक्कल हे बघायचं असंल तर आपल्या राज्यात आधी उपाशी ठेवतात. महिनाभर. फासळ्या वर आल्या की मग मोजतात." आणि थांबले. महाराजांनी मान खाली घातली. मग निंबाजी नाईकाकडे वळून म्हणाले, "मी नाही ठेवणार. उघड दार. हेच हायत."

दार उघडिले. महाराज आत गेले, आणि त्या संध्याकाळी ताट पुढे आले तेव्हा मांजरास हाकलिले, आचाऱ्यास जा म्हणाले, आणि ऊन भात तोंडात घातला, तो जीभ भाजली.

येणेप्रमाणे हकीकत. सारांश ऐसा की अरबी, काठेवाडी आणि भीमथडी यांच्या हाडांत फरक आहे, तो ज्यास पाहावयाचा त्याने पाहावा. मेघवर्ण अठराचा, शेवंती अठराची, शिंगरू सतराचे. शंकानवीसाचा हुद्दा मोडिला. निंबाजीच्या घरावर अजून गवतच आहे, कौले देऊ केली ती राहीबाईने परत पाठविली. शेवंती हळूहळू भरली, पुन्हा तुकतुकीत जाहली, आणि निंबाजीच्या हातून, राहीबाईच्या हातून, वाटेल त्या मोतद्दाराच्या हातून गूळ खाऊ लागली. महाराज रोज सकाळी गूळ घेऊन तिच्याकडे जातात. आधी एक खडा तिच्या देखत आपल्या तोंडात टाकितात, गिळून दाखवितात, आणि मग हात पुढे करितात. ती हुंगते, थोडा वेळ उभी राहते, आणि मान फिरविते.